मुलाला अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनमन व्हायचंय, आम्ही काय करावं?

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, गेली वीस वर्षं ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. धाकटा मुलगा सतरा वर्षांचा आहे. उंची सहा फूट चार इंच, वजन १२७ किलो. अंगकाठी आजोबांची, ते तरुणपणी तालमीत जायचे. मुलगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात लेफ्ट टॅकल खेळतो आणि पुढे याच खेळात व्यावसायिक व्हायचं म्हणतो. यंदा शाळेचं शेवटचं वर्ष. एका मोठ्या विद्यापीठाने ‘संघात ये, पण स्कॉलरशिप आत्ता नाही’ असं कळवलंय. एका लहान विद्यापीठाने पूर्ण स्कॉलरशिप देऊ केलीय. अभ्यासात, विशेषतः गणितात, तो चांगला आहे म्हणून एका आयव्ही लीग (हार्वर्ड वगैरे नामांकित विद्यापीठांचा गट) कॉलेजचा कोचही फोन करत असतो. तिघंही म्हणतात, अजून दहा-बारा किलो वजन वाढव. ह्यांचं म्हणणं, हे खूळ बंद आणि गुपचूप कॉम्प्युटर सायन्स घे. दोन महिने बापलेकांत धड बोलणं नाही. मला त्याच्या डोक्याला मार लागायची भीती वाटते. सासूबाई व्हिडिओ कॉलवर त्याचा आकार बघून रडल्या. खरं सांगायचं तर मी मॅचला जाते, पण तो मैदानावर नेमकं काय करतो ते मला अजून कळत नाही. त्याला अडवू की जाऊ देऊ?
— एक आई

ताई,

तो मैदानावर काय करतो ते कळत नाही, हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. जे काम आपल्याला दिसतच नाही त्याची भीती दुप्पट वाटते आणि त्यातलं कसबही ध्यानात येत नाही. मी इथल्या एका कॉलेज संघाकडे बरीच वर्षं फिजिओथेरपिस्ट होते. लाइनमन मुलांचे गुडघे, खांदे, घोटे रोज हाताखालून जायचे. म्हणून आधी खेळाबद्दल सांगते, मग निर्णयाकडे येऊ.

पुढच्या मॅचला चेंडूकडे बघूच नका. फक्त त्याच्याकडे बघा. चेंडूच्या रेषेवर पाच जण एका ओळीत असतात, तेच लाइनमन. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि टोकांना टॅकल. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याकडे, देतो आणि तिथून पुढचे तीन-चार सेकंद सगळा खेळ या पाच जणांच्या जिवावर चालतो. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असला, आणि बहुतेक सगळे तसेच असतात, तर फेकायच्या बेतात असताना त्याची पाठ डावीकडे असते. तिकडून कोण धावून येतंय ते त्याला दिसत नाही. तिकडून येणाऱ्याला थोपवायचं काम लेफ्ट टॅकलचं. म्हणजे तुमच्या मुलाचं. समोरचा पूर्ण वेगाने पुढे येत असतो आणि तुमचा मुलगा उलटा, मागे सरकत असतो. त्याला धरून ओढलं तर संघाला दहा यार्डांचा दंड, वेळेआधी नुसता हलला तरी पाच यार्डांचा.

त्याचे पाय बघा. चेंडू हलला रे हलला की बाहेरचा पाय मागे जातो, आतला जमिनीलगत सरकत त्याच्यामागून येतो, पण दोन्ही पाय कधी जुळत नाहीत. जुळले की तोल गेलाच. वाकतो तो गुडघ्यांतून, कंबरेतून नाही. कोपरं आत, आणि तळवे समोरच्याच्या छातीवर आधी पोचले पाहिजेत. ज्याची कंबर खाली त्याची सरशी. हे सगळं तुमच्या सासऱ्यांना एका नजरेत कळलं असतं. इथले कोच लाइनमन शोधताना शाळेच्या कुस्तीच्या संघाकडे मुद्दाम नजर टाकतात. स्टीफन नील नावाचा पैलवान १९९९ साली फ्रीस्टाइलचा जगज्जेता झाला. कॉलेजात तो फुटबॉल कधीच खेळला नव्हता. तरी पुढे न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघाने त्याला गार्ड म्हणून तयार केलं आणि तो दहा वर्षं त्या संघात टिकला. आजोबांच्या तालमीचा वारसा नातवाने टेक्सासमध्ये असा चालवलाय, हे सासूबाईंना सांगून बघा. रडणं कदाचित थांबेल.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. या जागेवरच्या मुलाचं नाव स्पीकरवरून पुकारलं जातं ते बहुधा चूक झाल्यावरच. त्याच्या नावावर ना धावा लागतात ना गोल. पन्नास ते एकोणऐंशीमधला नंबर घालणाऱ्या या खेळाडूने पंचांना आधी कळवल्याशिवाय पुढे फेकलेला चेंडू झेलायचाही नाही, असा नियमच आहे. त्याने आपलं काम चोख केलं तर टाळ्या दुसऱ्याला पडतात. सतराव्या वर्षी अशा कामात मन रमणारा मुलगा मला फार मोलाचा वाटतो. त्याच्या वडिलांना हे सांगायलाच हवं.

आता त्याच्या स्वप्नाबद्दल. एनएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये, ३२ संघ आहेत. सीझनमध्ये प्रत्येकाच्या यादीत ५३ खेळाडू, त्यात या ओळीतले आठ-दहा. म्हणजे सगळ्या देशात मिळून तीनशेच्या आसपास जागा. दर एप्रिलमध्ये ड्राफ्ट, म्हणजे संघांची नव्या खेळाडूंची निवड, होते. सात फेऱ्यांत साधारण अडीचशे मुलं उचलली जातात, तीही सगळ्या जागांची मिळून. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय कुणाला घेत नाहीत. कॉलेजात खेळणाऱ्यांपैकी शंभरात दोनही तिथे पोचत नाहीत. आणि कॉलेजच्या मैदानावर पाऊल ठेवणंही शाळेत खेळणाऱ्या बहुतेकांना जमत नाही, ते तुमच्या मुलाला जमतंय.

निवड झाली की नोकरी लागली, असंही नसतं. जुलैअखेर सरावाचं शिबिर सुरू होतं तेव्हा संघात नव्वद जण असतात. ऑगस्ट संपता संपता त्यांचे ५३ करायचे असतात. कुणीतरी येऊन निरोप देतं, कोचने बोलावलंय, येताना प्लेबुकचा, म्हणजे संघाच्या डावपेचांचा, टॅबलेट घेऊन ये. बस्स. लॉकर रिकामा करायचा. काहींना सराव संघात ठेवून घेतात, आठवड्याच्या पगारावर, आणि तिथूनही कधीही जा म्हणू शकतात. २०२५ च्या सीझनला नवख्या खेळाडूचा वर्षाचा किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर होता. आकडा मोठा आहे, नाही कसं म्हणू? पण त्यातून कर जातो, एजंटचे जास्तीत जास्त तीन टक्के जातात, आणि मुख्य म्हणजे तो पगार पुढच्या वर्षी मिळेलच अशी हमी बहुतेकांना नसते. वर्तमानपत्रात पाच वर्षांच्या कराराचा जो मोठा आकडा छापून येतो, त्यातली हमीची रक्कम वेगळी आणि बरीच कमी असते. खेळाडूंची संघटना सरासरी कारकीर्द सव्वातीन वर्षांच्या आसपास सांगते. पेन्शनचा हक्क लागायला तीन सीझन यादीत असावं लागतं. त्या तीन सीझनच्या उंबरठ्यावर कितीतरी जणांचा गुडघा जातो.

दीर्घ कारकिर्दीही होतात, आणि त्या बघण्यासारख्या असतात. जो थॉमस २००७ च्या ड्राफ्टमध्ये तिसरा निवडला गेला. त्या दिवशी तो समारंभाला न जाता वडिलांबरोबर लेक मिशिगनवर मासे पकडत होता. क्लीव्हलँड ब्राउन्सचा लेफ्ट टॅकल म्हणून तो सलग १०,३६३ डाव (चेंडू मागे दिला की एक डाव सुरू) खेळला, एकही न चुकवता. इतकी वर्षं खेळून त्याच्या संघाला प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, एकही मॅच लाभली नाही. २०१७ मध्ये दंडाचा स्नायू फाटला तेव्हा ती साखळी तुटली. २०२३ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. तुमच्या मुलाला त्याचे व्हिडिओ नक्की पाठ असतील. दुसरा फिलाडेल्फिया ईगल्सचा सेंटर जेसन केल्सी. हा सिनसिनाटीत स्कॉलरशिपशिवाय संघात शिरला होता, तेही दुसऱ्याच जागेवर खेळायला. सहाव्या फेरीत निवडला गेला आणि तेरा सीझन खेळून २०२४ मध्ये निवृत्त झाला. आपल्याकडचं कुणी या ओळीत नव्हतं असंही नाही. फिजीत जन्मलेला, कॅनडात वाढलेला भारतीय वंशाचा बॉबी सिंग हा गार्ड १९९९ च्या सीझनला सुपर बोल, म्हणजे एनएफएलची अंतिम मॅच, जिंकणाऱ्या सेंट लुईस रॅम्सच्या संघात होता.

तुमची खरी भीती डोक्याच्या माराची आहे. तिच्यावरून मी हात फिरवून पुढे जाणार नाही.

माइक वेबस्टर हा पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर होता. चार सुपर बोल जिंकले, सतरा सीझन खेळला. २००२ मध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी वारला तेव्हा त्याचं मन आणि संसार दोन्ही विस्कटलेले होते. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि सीटीई हा, डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार या खेळातल्या खेळाडूत पहिल्यांदा नोंदवला. पुढे २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एनएफएलमध्ये खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले, त्यातल्या ११० मध्ये तो सापडला. हे मेंदू बहुतेक लक्षणं दिसलेल्यांच्याच घरच्यांनी दान केलेले होते, त्यामुळे सगळ्या खेळाडूंचं प्रमाण तेच आहे असा अर्थ त्यातून काढू नका. पण आजार खरा आहे, आणि जितकी जास्त वर्षं खेळ तितका धोका जास्त, हेही पुढच्या अभ्यासांतून दिसलंय. जिवंतपणी त्याचं पक्कं निदान करायची सोय आजही नाही.

लाइनमनच्या बाबतीत घात करतात ते न दिसणारे मार. मैदानात कोसळून स्ट्रेचरवरून जाणारा खेळाडू सगळ्यांना दिसतो. पण या ओळीत दर डावाला हेल्मेटवर हेल्मेट आदळतं. मॅचमध्ये साठ-सत्तर डाव होतात. एकेक ठोसा लहान, चक्कर न आणणारा, कुणी न मोजलेला. यावर उपाय सुरू झालेत. एनएफएलमध्ये २०११ पासून सीझनभरात पूर्ण पॅड घालून होणारे सराव चौदावर आणले आहेत. २०२२ पासून शिबिरातल्या सरावात लाइनमनना हेल्मेटवर जाड मऊ टोपी सक्तीची झाली. आयव्ही लीगने २०१६ मध्ये सीझनमधल्या सरावातलं टॅकलिंगच, म्हणजे अंगावर झेपावून पाडणंच, बंद केलं. याने धोका कमी होतो, जात नाही. तो शून्य होईल असं सांगणारा कोच भेटला तर त्याच्याकडे मुलगा देऊ नका.

आणि वजन. याच्याबद्दल पालक सगळ्यात कमी विचारतात, मला मात्र याची काळजी अधिक वाटते. वेबस्टरच्या काळात ११५ किलोचा सेंटर चालायचा. आज १३६ किलोच्या खालचा लाइनमन एनएफएलमध्ये क्वचित दिसतो. हे वजन टिकवायला दिवसाला पाच-सहा हजार कॅलरी पोटात ढकलाव्या लागतात, भूक असो नसो. माझ्याकडे येणारी मुलं रात्री उठून सँडविच खायची, आणि ते त्यांना नकोसं झालेलं असायचं. एकाच्या झोपेत श्वास अडकायचा, हे त्याच्या रूममेटला कळलं, त्याला नाही. हा झोपेचा विकार या वजनाच्या खेळाडूंत बराच आढळतो. रक्तदाब तरुणपणीच वर जातो. त्यात आपण दक्षिण आशियाई. मधुमेह आणि हृदयविकार आपल्याला इतरांपेक्षा कमी वजनावर आणि कमी वयात गाठतात, हे डॉक्टरमंडळी कधीपासून सांगताहेत. कोचच्या तक्त्यात तुमच्या मुलाची उंची, वजन आणि हाताची लांबी असते, सासर-माहेरची साखर नसते. ती तुम्हालाच सांगायची आहे.

म्हणून एक किलोही वाढवण्याआधी त्याची पूर्ण तपासणी करून घ्या. रक्तदाब, लिपिड, एचबीए१सी, हृदयाचा इको, आणि घोरत असेल तर झोपेची तपासणी. दर सहा महिन्यांनी पुन्हा. घरात कुणाला पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक आला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. दहा-बारा किलो एका उन्हाळ्यात चढवायचे नाहीत. दोन वर्षं घ्या, आणि त्यात स्नायू किती नि चरबी किती ते मोजून घ्या. चांगल्या विद्यापीठांत आहारतज्ज्ञ असतात. त्यांना डाळ, उसळी, पनीर, अंडी, चिकन यांतून प्रथिनांचा हिशोब बसवायला सांगितलं तर ते आनंदाने बसवतात. तुमच्या घरचं जेवण याच्या आड येत नाही. तूप-भाताचे डोंगर मात्र आड येतात. ताटाची काळजी म्हणून आजीने आग्रह केला, तरी तिला हे समजावून सांगा.

हे वजन उतरवताही येतं. खेळ सुटल्यावर जो थॉमसने वीस किलोहून जास्त उतरवलं. पिट्सबर्गचा ॲलन फनेका हा गार्ड निवृत्तीनंतर बारीक होऊन २०१४ मध्ये न्यू ऑर्लीन्सची मॅरेथॉन पळाला. पण ते करायला खेळ वेळेवर सोडावा लागतो. या करिअरमधली खरी हुशारी मला त्यातच दिसते, आणि तुमच्या मुलाशी बोलायचं ते याच विषयावर.

वेळेवर सोडणारे लाइनमन आहेत, आणि ते पळपुटे नव्हेत. जॉन अर्शेल बाल्टिमोर रेव्हन्सचा गार्ड होता आणि त्याच वेळी एमआयटीत गणितात पीएचडी करत होता. २०१५ मध्ये शिबिरात डोक्याला मार लागला, त्यानंतर काही काळ वरच्या दर्जाचं गणित आपल्याला नीट जमेना, असं त्याने स्वतः सांगितलंय. २०१७ मध्ये, ते ११० मेंदूंचं संशोधन प्रसिद्ध झालं त्याच आठवड्यात, सव्वीसाव्या वर्षी त्याने निवृत्ती घेतली. आज तो एमआयटीत गणिताचा प्राध्यापक आहे. तुमचा मुलगा गणितात चांगला आहे असं लिहिलंय, म्हणून हा माणूस त्याच्यासमोर ठेवा. लेक्चर म्हणून नको, नुसतं नाव सांगा, पुढचं तो शोधेल. कॅन्सस सिटी चीफ्सचा गार्ड लॉरां डुव्हर्ने-टार्डीफ खेळता खेळता मॅकगिल विद्यापीठातून डॉक्टर झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये सुपर बोल जिंकला आणि त्याच वर्षी कोविड आल्यावर सीझन सोडून क्वेबेकमधल्या वृद्धांच्या शुश्रूषाकेंद्रात कामाला गेला. आणि अली मार्पेट. हा अगदी छोट्या होबार्ट कॉलेजातून आला, जिथे खेळासाठी स्कॉलरशिपच मिळत नाही. टॅम्पाबरोबर सुपर बोल जिंकला, आणि ऐन भरात, अठ्ठावीसाव्या वर्षी, लाखो डॉलर सोडून घरी गेला. या तिघांकडेही खेळाबाहेर करण्यासारखं आवडीचं काही होतं. ज्याच्याकडे ते नसतं तो दुखणं इंजेक्शनने दाबत आणखी एक सीझन, आणखी एक सीझन करत राहतो. अशी माणसं मी पाहिली आहेत.

तेव्हा मुलाच्या वडिलांचा कॉम्प्युटर सायन्सचा हट्ट मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. चूक इतकीच की त्यांनी पदवी आणि खेळ यांतलं एकच निवडायला सांगितलं. सतरा वर्षांच्या मुलाला असं कोंडीत पकडलं की तो खेळ निवडतो, आणि पुढे पश्चात्ताप झाला तरी बापाकडे येत नाही.

अडवू नका. जाऊ द्या, पण एनएफएलचा निर्णय आज करायचा नाही. तो तीन-चार वर्षांनी करायचा आहे, आणि तेव्हा तो तुमचा नसेलही. आजचा निर्णय फक्त कॉलेजचा आहे, आणि कॉलेज निवडताना खेळाडू म्हणून तो कुठे चमकेल यापेक्षा पहिल्याच वर्षी गुडघा गेला तरी कुठे राहायला आवडेल, हे बघा. हा प्रश्न त्यालाच विचारा. उत्तर लगेच मागू नका.

तिन्हींबद्दल माझं मत स्पष्ट सांगते. मोठ्या विद्यापीठाने स्कॉलरशिपशिवाय बोलावलंय. केल्सीसारखं उदाहरण असलं तरी तिथे त्याच्यापुढे त्याच्याहून मोठी, स्कॉलरशिपवरची, दुसऱ्या विद्यापीठांतून बदली होऊन आलेली मुलं रांगेत असतील. हल्ली विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देतात आणि मुलं दरवर्षी संघ बदलतात, त्यामुळे हळूहळू तयार होणाऱ्या लाइनमनला वाट बघत ठेवायचा धीर मोठ्या कोचना राहिलेला नाही. तुमच्या मुलाने तिथे रोज सरावात मार खायचा आणि शनिवारी बाकावर बसायचं, हे मला पटत नाही. सरावातले डोक्यावरचे ठोसेही हिशोबात धरावे लागतात.

आयव्हीचं कॉलेज मिळालं तर मी ते पहिलं धरेन. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, घरच्या उत्पन्नावरून मदत ठरते. दोघं इंजिनियर असाल तर बरीच फी खिशातून भरावी लागेल, याचा हिशोब आधीच मांडा. पण सराव सौम्य आणि पदवी जन्माची. तिथून वर जायला वाट नाही असं त्याला वाटत असेल तर हार्वर्डचा मॅट बर्क सांगा. अर्थशास्त्र शिकला, १९९८ मध्ये सहाव्या फेरीत निवडला गेला, सेंटर म्हणून पंधरा वर्षांच्या आसपास एनएफएलमध्ये राहिला आणि सुपर बोल जिंकून थांबला. एक मात्र लक्षात घ्या. आयव्हीच्या कोचचा फोन म्हणजे प्रवेश नव्हे. प्रवेश-कार्यालयाचं ‘लाइकली लेटर’, म्हणजे प्रवेश जवळजवळ नक्की असल्याचं पत्र, हातात येईपर्यंत दुसऱ्या कुणाला नाही म्हणू नका.

ते जमलं नाही तर लहान विद्यापीठाची पूर्ण स्कॉलरशिप. तिथे तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मैदानात असेल, आणि लाइनमन खेळूनच तयार होतो. एनएफएलचे लोक चांगला लाइनमन शोधत कुठेही जातात. टेरॉन आर्मस्टेड अर्कान्सा-पाइन ब्लफसारख्या छोट्या विद्यापीठातून तिसऱ्या फेरीत गेला आणि वर्षानुवर्षं नावाजलेला लेफ्ट टॅकल ठरला. सिडनीचा जॉर्डन मायलाटा तर रग्बी लीग खेळत होता, अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच न खेळता २०१८ मध्ये सातव्या फेरीत निवडला गेला. आज तो फिलाडेल्फियाचा लेफ्ट टॅकल आहे, सुपर बोल जिंकलेला.

एक गोष्ट त्याला आत्ताच कानावर घाला. एनएफएलमध्ये टॅकलला लांब हात लागतात, ३३-३४ इंच. सहा-चार उंचीच्या मुलाला पुढे गार्ड किंवा सेंटर करणं अगदी नेहमीचं आहे. त्यात कमीपणा नाही. सेंटरला समोरच्यांची मांडणी वाचून सगळ्या ओळीला सेकंदात सांगावं लागतं, कोण कुणाला घेणार. गणिती डोक्याच्या मुलाचा तिथे उपयोग होतो. त्याने शाळेत असतानाच चेंडू मागे द्यायचा सराव सुरू करावा.

वडिलांनी एक करावं. एका शुक्रवारी रात्री तुमच्याबरोबर मॅचला यावं, वर मी सांगितलं तसं फक्त मुलाकडे बघावं, आणि घरी जाताना गाडीत एकच प्रश्न विचारावा, ‘तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो माणूस आतून आला तेव्हा तू काय केलंस?’ करिअरचा विषय त्या रात्री काढू नये. लाइनमन मुलाला त्याच्या कामाबद्दल असं नेमकं विचारणारं घरात सहसा कुणी नसतं. माझ्याकडे बोटांना पट्टी बांधून घ्यायला येणारी मुलं पाच मिनिटांचं काम असताना अर्धा तास बोलत बसायची, ते यासाठीच. दोन महिन्यांचा अबोला एका प्रश्नाने संपेल असं मी म्हणत नाही. पण फीचा, डॉक्टरांचा आणि पदवीचा विषय काढायला आधी बोलणं तरी सुरू व्हायला हवं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्कॉलरशिपच्या करारावर सह्यांची मुदत येते. त्याआधी आयव्हीच्या कॉलेजला आणि लहान विद्यापीठाला तुम्ही नवरा-बायको मिळून भेट द्या आणि मुलासमोरच विचारा : सीझनमध्ये आठवड्याला किती दिवस पूर्ण पॅड घालून सराव होतो? डोक्याला मार लागल्यावर मैदानात परत सोडायचं की नाही हे कोण ठरवतं, कोच की डॉक्टर, आणि तो डॉक्टर कुणाचा पगारी? दुखापत होऊन खेळता आलं नाही तर स्कॉलरशिप पदवीपर्यंत चालू राहील का, आणि ते लेखी मिळेल का? गेल्या पाच वर्षांतल्या लाइनमनपैकी पदवी किती जणांनी घेतली, कोणत्या विषयात? गणित किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतलेला एखादा लाइनमन सध्या संघात आहे का, आणि कोच खोलीत नसताना त्याच्याशी बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नाला जो कोच लगेच हो म्हणेल त्याच्याकडे माझा कल राहील.

डोक्याबद्दल घरात एक नियम आजच करा आणि तो मुलाच्या तोंडून वदवून घ्या. मार लागल्यावर डोकं दुखलं, प्रकाश सहन झाला नाही, शब्द सापडेनासा झाला, तर तो त्याच दिवशी सांगेल, मॅच कितीही मोठी असली तरी. तुमच्याकडून त्याला एक शब्द द्या : असं सांगितल्याबद्दल घरात कुणीही ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हणणार नाही. ही मुलं मार लपवतात ती खेळातून काढतील या भीतीने, आणि तितकीच घरच्यांच्या त्या एका वाक्याच्या भीतीने. त्याच्या वडिलांकडूनही तो शब्द घ्या.

तपासणीचे रिपोर्ट आले आणि त्यात साखर किंवा हृदयाचं काही निघालं, तर मात्र वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून आधी हृदयरोगतज्ज्ञांचं ऐका, आणि मला पुन्हा लिहा. तेव्हाचं माझं उत्तर वेगळं असू शकेल.